हाताची बाजू

सुरीचं पातं आणि मूठ यांच्या मधे धातूचा जो आडवा तुकडा बसतो त्याला आम्ही गार्डच म्हणतो. बहुतेकदा तो पितळेचा असतो, कधी जर्मन सिल्व्हरचा, कधी स्टेनलेसचा. जाडी सहा-सात मिलिमीटर, लांबी दोन-अडीच इंच, आणि मधोमध पात्याची शेपटी आरपार जाईल एवढी खाच. भाजीच्या सुरीला गार्ड नसतो, विळीला नसतो, उसाच्या कोयत्यालाही नसतो. जिथे हात ओला किंवा तेलकट असतो आणि जोर टोकाच्या दिशेनं लागतो तिथे तो हवा, कारण अशा वेळी हात मुठीवरून निसटला तर थेट धारेवर जातो. गार्ड हात अडवतो. दुसरं काही काम त्याला नाही.

मी माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, घरात मांस शिजत नाही. आणि निवृत्तीनंतर मी सुऱ्या करतो. हे दोन्ही एका घरात कसं चालतं, असं लोक विचारतात आणि त्यांनी विचारायलाच हवं. सुरी करणाऱ्याचं पाप कुठे सुरू होतं? सुरीनं जे होईल त्यात त्याचा वाटा किती? मला या प्रश्नात जी काही वाट सापडली ती या सहा-सात मिलिमीटरच्या तुकड्यातून सापडली, म्हणून आधी तो कसा बसतो ते सांगतो.

माझे वडील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात फिटर होते. १९१० साली ओसाड माळावर वसलेल्या त्या गावातून लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेले. कानस कशी धरायची हे मला वडिलांनी शिकवलं. पुढे मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक झालो आणि तेच पोरांना शिकवत राहिलो. फिटरच्या मुलाला सुरुवातीला एकच काम असतं: लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून घासायचा, सपाट करायचा, काटकोनात आणायचा. गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून प्रकाशाची रेघ आली की पुन्हा घासायचं. ते जमलं की मेल-फीमेल फिटिंग: एका तुकड्याला खाच, दुसऱ्याला जीभ, दोन्ही एकमेकांत सरकली पाहिजेत आणि सरकल्यावर डुगडुगता कामा नयेत. गार्ड म्हणजे हेच फिटिंग. फक्त इथे जीभ तयार झालेली असते. तिला पाणी देऊन कठीण केलेलं असतं, तिला आता कानस लावायची नाही. जे काही झिजायचं ते गार्डनं झिजायचं.

पातं संपून मुठीत जाणारी अरुंद शेपटी जिथे सुरू होते तिथे दोन्ही अंगांना खांदे असतात. गार्ड शेपटीकडून चढवत आणून या खांद्यांवर टेकवायचा. दोन्ही खांदे एका रेषेत नसतील तर पुढचं सगळं काम वाया, म्हणून आधी खांदे. मग पितळेवर रेघ आखून तिच्यावर पात्याच्या जाडीपेक्षा थोड्या लहान ड्रिलनं ओळीत भोकं पाडायची. पातं ४ मिलिमीटरचं असेल तर ड्रिल साडेतीनचं. भोकांमधल्या भिंती बारीक कानशीनं काढल्या की खडबडीत खाच तयार होते, आणि खरं काम इथून सुरू होतं. शेपटी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून तिच्यावर काजळी चढवायची. गार्ड हातानं जाईल तेवढाच सरकवायचा, काढायचा, आत बघायचं. काळं लागलं असेल तेवढ्याच जागी कानस फिरवायची, तीही जपून. पुन्हा काजळी, पुन्हा सरकवणं. शेवटचं अंतर उरलं की शेपटीवरून पाइपचा तुकडा घालायचा आणि लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकत न्यायचं. गार्ड खांद्यांना भिडला की ठोक्याचा आवाज बदलतो. बोदेपणा जातो आणि टणक नाद येतो. मग सुरी दिव्यासमोर धरायची. उजेड येता कामा नये.

यात एक गोष्ट अशी आहे की ती मला पोरांना समजावून सांगायला फार आवडायची. खांदा आणि शेपटी जिथे मिळतात तो आतला कोपरा तीक्ष्ण ठेवत नाहीत. ठेवला तर सगळा ताण तिथेच गोळा होतो आणि पाणी देताना नाहीतर पुढे वापरात तिथूनच तडा जातो. म्हणून तिथे गोलाई ठेवायची. पण गोलाई ठेवली की गार्डची खाच तिच्यावर चढून अडते, खांद्यापर्यंत पोचतच नाही. मग खाचेच्या दोन्ही टोकांना, खांद्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, थोडी सूट द्यावी लागते. दिसणाऱ्या जागी घट्ट, झाकलेल्या जागी सुटं, आणि तेही मोजून. ज्याला फक्त घट्टपणाच कळतो त्याचा गार्ड खांद्याला टेकतच नाही.

झाकलेल्या जागी आणखीही एक प्रकार चालतो. खाच मोठी झाली तर काही जण काठावर पंचानं ठोके देऊन पितळ आत सरकवतात, वरून घासून पॉलिश करतात. समोरून सांधा बंद दिसतो, आत पोकळी राहते. जुन्या जपानी तलवारींचा गार्ड, त्सुबा, एका तलवारीवरून काढून दुसरीवर चढवायचा असे तेव्हा खाच नव्या शेपटीला जुळत नसे. तिथला कारागीर खाचेच्या टोकांना तांब्याचे छोटे तुकडे बसवून ती जुळवून घेई. लोखंडात लाल तांबं, उघड दिसणारं. १८७६ मध्ये तिथे सर्वसामान्यांना कमरेला तलवार लावून फिरायला बंदी झाली आणि कित्येक त्सुबा तलवारीपासून सुटून संग्राहकांकडे गेले. त्या तांब्याच्या तुकड्यांवरून आजही कळतं की हा गार्ड एकाहून अधिक पात्यांवर राहिलेला आहे. मला ती पद्धत मनापासून आवडते. खाच मोठी आहे, आणि ती आहे तशी सांगितलेली आहे.

सांधा कुणी बघत नाही मग इतकं कशाला, हा प्रश्न दर वर्षी एक तरी पोरगा विचारायचा. त्यावर ‘देव बघतो’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मी ते कधी म्हणालो नाही. विठ्ठलाला मी तपासनीस मानत नाही, आणि तो बघतो म्हणून नीट करायचं असेल तर तो नसताना कसं करायचं हेही ठरवून ठेवल्यासारखं होतं. मी त्यांना पाण्याबद्दल सांगायचो. फटीत घाम जातो, लिंबाचा रस जातो, रक्त जातं. पितळ आणि पोलाद ओल्यात एकमेकांना लागून राहिली की पोलाद आधी गंजतं. बाहेरून वर्षानुवर्षं काही कळत नाही. मग एक दिवस जोर लावताना शेपटी मुठीतच तुटते, आणि ती ज्याच्या हातात तुटते त्यानं फट कधी पाहिलेलीच नसते. झाकलेल्या जागी केलेलं काम असं दुसऱ्याच्या हातात उघडं पडतं. कर्म आणि फळ यांच्याबद्दल मी कीर्तनात जे ऐकलं ते मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसलं. करणारा एक, भोगणारा दुसरा, आणि मधे कित्येक वर्षं.

वारकरी संतांत आपापल्या धंद्याचे सगळे आहेत, पण फिटरचा संत कोण म्हणाल तर मी नरहरी सोनार म्हणेन. पंढरपूरचा सोनार, शिवभक्त इतका कडवा की विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकायचा नाही. एका सावकारानं नवस फेडायला विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा करायला सांगितला. नरहरी म्हणाला, मी देवळात येणार नाही, माप आणून द्या. माप आलं, त्यानं करगोटा घडवला, तो कमरेला पुरेना. पुन्हा केला, तो मोठा झाला. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून तो स्वतः माप घ्यायला गेला. हातांना पाच मुखं लागली, सर्प लागले, व्याघ्रचर्म लागलं. पट्टी काढली तर समोर विटेवरचा विठ्ठल. पट्टी बांधली की शंकर, काढली की विठ्ठल. कीर्तनकार ही गोष्ट हरिहराच्या ऐक्यासाठी सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण मी ती ऐकतो तेव्हा माझं लक्ष त्या आधीच्या भागाकडे जातं. सोनार उत्तम, सोनं उत्तम, आणि तरी दागिना बसत नाही; कारण माप दुसऱ्याच्या हातानं आलेलं आहे. ज्याच्यासाठी करायचं त्याच्यापाशी जायचं नाही असं ठरवून केलेलं काम बसत नाही.

हे मला नुसती गोष्ट म्हणून माहीत होतं. ते अंगावर आलं एका खाटकामुळे.

आमच्या भागात त्याचं मटणाचं दुकान आहे. माझ्याकडे आला तो अवघडून दारातच उभा राहिला. “माउली, तुमी माळकरी. सांगू का नको असं झालंय,” म्हणाला. मग उजवा हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्ण मिटत नव्हतं. हाडावरून मांस सोडवताना सुरीचं टोक हाडात अडलं, सुरी जागच्या जागी थांबली आणि चरबीनं माखलेला हात तसाच पुढे गेला. कंडरा तुटल्या. ऑपरेशन झालं, पण बोटं पहिल्यासारखी झाली नाहीत. बाजारातल्या सुऱ्यांना एक तर गार्ड नसतो, नाहीतर प्लास्टिकचा नुसता उंचवटा असतो. त्याला त्याच्या हाताची सुरी हवी होती, पुढे अडण असलेली.

मी त्याला लगेच हो म्हटलं नाही. सप्ताहात आमच्या महाराजांना विचारलं. महाराज म्हणाले, “माउली, माळेनं खाण्याचं बंधन घातलंय, घडवण्याचं नाही. भाव शुद्ध असला की झालं.” आणि त्यांनी दोन दाखले दिले. एक महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध: मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा, आणि तरी कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवणारा. दुसरा सजन कसाई, ज्याच्या तराजूत शाळिग्राम होता आणि त्यावर मांस तोललं जाई. एका साधूनं तो शाळिग्राम पूजेसाठी नेला तर देवानंच स्वप्नात येऊन मला परत त्या कसायाकडे ठेव म्हणून सांगितलं.

दोन्ही गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या आहेत आणि दोन्हींवर माझं प्रेम आहे. देव तराजूत राहायला तयार होतो, पूजेच्या ताम्हनापेक्षा त्याला तो तराजू बरा वाटतो, याहून मोठं आश्वासन कष्टकऱ्याला कुठलं मिळणार? पण व्याधाच्या गोष्टीत एक जागा मला खटकते. तो कौशिकाला सांगतो की मी स्वतः जीव मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो, आणि स्वतः मांस खात नाही. गोष्टीनं त्याचे हात जपले आहेत. पण कुणीतरी मारलेलं आहे. त्याच्यासाठी गोष्टीत जागा नाही, आणि त्याची सुरी ज्यानं केली त्याच्यासाठी तर मुळीच नाही. पुढे व्याध म्हणतो की शेती करणाऱ्याच्या नांगराखालीही असंख्य जीव मरतात, हिंसेतून पूर्ण सुटलेला कुणी नाही. हे म्हणणं मला जास्त प्रामाणिक वाटतं, आणि वडिलांचे नांगर आठवून जास्त जवळचंही.

‘भाव शुद्ध असला की झालं’ हे मात्र मला पुरलं नाही. महाराजांबद्दल आदर ठेवूनच मी हे लिहितो. भाव कुणाला अशुद्ध वाटतो? ज्याला त्याला आपला भाव शुद्धच दिसतो. त्याला गुण्या लावून उजेडाकडे धरता येत नाही. सुरी करणाऱ्याला काही तरी असं हवं की जे तपासता येईल.

मग मी त्या दुकानात गेलो. इतकी वर्षं त्या रस्त्यानं जाताना मी मान दुसरीकडे वळवत आलो होतो. आत उभा राहिलो, तो काम करत होता ते पाहिलं. सुरी कशी धरतो, मनगट कुठे वळतं, टोक कधी खाली जातं, अंगठा कुठे टेकतो. मग त्याचा हात धुऊन माझ्या हातात घेतला आणि माप घेतलं: तळव्याची रुंदी, मिटू शकणाऱ्या बोटांची पकड, न मिटणाऱ्या बोटांना मुठीवर कुठे आधार मिळेल ती जागा. नरहरीच्या गोष्टीचा अर्थ मला त्या दिवशी कळला असं मी म्हणतो तेव्हा ते अगदी शब्दशः घ्यावं. घरी बसून, त्यानं सांगितलेल्या मापानं केली असती तर ती सुरी चुकली असती, कारण तो ‘मूठ जाड हवी’ म्हणत होता आणि त्याच्या हाताला मूठ बारीक पण मागच्या बाजूला फुगीर लागत होती.

पितळ मी घेतलं नाही. मांसाला पितळ नको, ते कळकतं. स्टेनलेस घेतलं, ते कानशीला चिवट लागतं, वेळ फार जातो. गार्ड फक्त धारेच्या बाजूला ठेवला, वरच्या बाजूला अंगठ्यासाठी मोकळं. खालची पाकळी नेहमीपेक्षा लांब केली आणि किंचित पुढे झुकवली, म्हणजे कमजोर बोटं पुढे आली तरी धारेकडे न जाता तिच्या पोटात अडकावीत. आणि सांधा डाखानं भरून बंद केला. इथे जपावं लागतं. पात्याला पाणी दिल्यावर ते ठिसूळ असतं, म्हणून पुन्हा २०० अंशांच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. शिसं नसलेला, कथील आणि थोड्या चांदीचा डाख वितळतो तो २२१ अंशांना. म्हणजे फरक अगदी थोडा. ज्योत पात्यावर गेली तर पोलादावर आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा-निळा. निळा आला की त्या जागची कठीणता गेली. म्हणून पात्याला ओलं फडकं गुंडाळून, ज्योत मागून, शेपटीच्या बाजूनं द्यायची आणि डाख आपणहून सांध्यात ओढला जाईपर्यंत थांबायचं. नंतर फ्लक्समधलं आम्ल सोड्याच्या पाण्यानं धुऊन काढायचं, नाहीतर ज्या गंजापासून वाचवायला एवढं केलं तो आपणच आत कोंडून ठेवतो.

सुरी त्याला बसली. त्याच्या तोंडावर जे दिसलं ते मी इथे लिहीत नाही.

आता अण्णांबद्दल. अण्णा माझे शेजारी, जैन, द्राक्षबागायतदार. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे शेतकरी जैन पुष्कळ आहेत. अहिंसा त्यांनी पोथीत वाचली तशी औषधाच्या पंपासमोर आणि नांगरासमोर उभं राहून सोसलीही आहे. अण्णांना मी सुरी दाखवली होती. त्यांनी हातात घेतली नाही. म्हणाले, “मास्तर, काम सुंदर आहे. पण आमच्याकडे याला हिंसादान म्हणतात.” समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थानं टाळायच्या निरर्थक पापांत ते येतं: हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. त्या यादीत तलवार आहे, कुऱ्हाड आहे, आग आहे, आणि जमीन खणायचं हत्यारही आहे. मी म्हटलं, “अण्णा, मग तुमच्या घरातलं खोरं?” ते शांतपणे म्हणाले, “खोऱ्याचंही पाप आहेच. आम्ही नाही कुठे म्हणतो? गरजेपुरतं धरायचं आणि विसरायचं नाही, एवढंच सांगितलंय.” बुद्धानंही उपासकांनी करू नयेत अशा पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला सांगितला, मांसाचा आणि विषाचा त्यानंतर. या दोन परंपरांनी हा प्रश्न जितका सरळ विचारला तितका आमच्या परंपरेनं विचारला नाही, असं मला वाटतं. आम्ही खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू लावतो. कानस, हातोडी, तलवार सगळी एकाच पाटावर. मी कार्यशाळेत ती पूजा वर्षानुवर्षं केली आहे आणि आजही करतो. पण पूजेच्या पाटावर कानस आणि तलवार शेजारी ठेवल्या की त्यांच्यातला फरक विचारायचा राहून जातो.

मी अण्णांना गार्डबद्दल सांगितलं. पातं कापतं हे खरं, पण गार्ड तर वाचवतो. मी या सुरीत जे घातलं ते वाचवण्यासाठी घातलं. अण्णांनी विचार करून जे उत्तर दिलं त्यानं माझी झोप गेली. “हात सुरक्षित झाला की माणूस जास्त जोरानं खुपसतो, मास्तर.”

ते बरोबर होतं, आणि मला ते आधी दिसलं नव्हतं. ते धातूत इतकं उघड आहे की म्हणूनच दिसत नाही. शस्त्रांच्या इतिहासाकडे या नजरेनं पाहा. खुकरीला गार्ड नाही, कारण ती तोडायची. तोडताना हात पुढे घसरत नाही. कट्यारीची मूठ आडव्या दांड्यांची, पूर्ण पकड मुठीत, कारण ती सगळा जोर लावून भोसकायची. आणि मराठ्यांच्या पट्ट्याला तर गार्ड म्हणून लोखंडाचं अख्खं आवरण, बोटांपासून कोपराच्या जवळपर्यंत. आत आडवी दांडी धरायची आणि हात बाहेरून दिसायचाच नाही. हाताला जितकं जास्त जपलं तितका वार बेधडक झाला. माझा गार्ड त्याच घराण्यातला आहे. तो हाताच्या बाजूचा आहे म्हणून निर्दोष आहे, हे मी धरून चाललो होतो, तसं नाही.

यानंतर मी गार्ड सोडून दिले असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही, कारण त्या खाटकाची बोटंही खरीच होती. पण एक नियम माझ्यासाठी पक्का झाला. ज्या हातात सुरी जायची तो हात मी पाहिल्याशिवाय, तो काय काम करतो ते त्या जागी जाऊन पाहिल्याशिवाय मी गार्ड बसवत नाही. पोस्टानं पाठवायची, भेट द्यायची, भिंतीवर लावायची सुरी माझ्याकडे होत नाही. आमच्याकडे वाढदिवसाचा केक तलवारीनं कापायची फॅशन आली आहे, त्यावरून पोलीस गुन्हेही दाखल करतात. अशी पोरं माझ्याकडे येतात. त्यांना दुधारी पातं हवं असतं, दोन्ही बाजूंना पाकळ्या असलेला गार्ड हवा असतो. कायदा पातं मोजतो: शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं, घरच्या-शेतीच्या आणि कारखान्याच्या कामाचं सोडून, परवान्याच्या कक्षेत येतं. म्हणून ती पोरं हुशारीनं साडेआठ इंच सांगतात. गार्डबद्दल कायदा काही म्हणत नाही. मी म्हणतो. दोन्ही बाजूंच्या पाकळ्या कामाच्या सुरीला लागत नाहीत; वर अंगठा टेकवायचा असतो, तिथे पाकळी आडवी येते. ज्या सुरीला दोन्हीकडून अडण हवी ती मुठीत आवळून समोरच्यावर चालवायची असते. त्यांना मी विचारतो, तुझा हात कुठल्या कामात निसटतो ते दाखव, मी येतो बघायला. दाखवण्यासारखं त्यांच्याजवळ काही नसतं. ते जातात.

भावाला गुण्या लावता येत नाही असं मी वर म्हटलं. हातापाशी जाणं मात्र तपासता येतं. गेलो की नाही, पाहिलं की नाही, माप स्वतः घेतलं की नाही, याची उत्तरं हो किंवा नाही अशीच असतात. करणाऱ्याची जबाबदारी निदान इथून तरी मोजायला लागावी असं मला वाटतं.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, “हाताचं माप घेतलंत. बकऱ्याचं घेतलंत का?”

नाही घेतलं. ही सुरी हाडावरून मांस सोडवायची आहे, जीव तिच्या आधीच गेलेला असतो, असं मी म्हणू शकलो असतो. पण ती धर्मव्याधाचीच वाट झाली असती, आणि ती मला खटकते हे मी आत्ताच लिहिलं आहे. माझ्या कामात दोन हात असतात, एक घडवणारा आणि एक धरणारा. तिसरा जीव जो आहे त्याच्याकडे मी पाहिलेलं नाही. अण्णांच्या प्रश्नातली ती फट कुठल्याही डाखानं बुजत नाही.

आणि प्रश्न तिथेच थांबलेला नाही. तो खाटीक परवा पुन्हा आला होता. सुरी हाताला लागल्यापासून काम सुधारलं म्हणाला, आणि आता त्याला दुसरी हवी आहे, जनावर कापायची. तिला गार्ड नको. लांब, सरळ, फार धारदार पातं हवं, म्हणजे एकाच ओढीत काम व्हावं, जनावराला त्रास कमी व्हावा. त्याचं म्हणणं खरं आहे. बोथट सुरीनं त्रास वाढतो हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि ते तो ज्या प्रकारे सांगत होता त्यात मला दया दिसली. पण ती सुरी माझ्या हातून झाली तर अण्णांच्या प्रश्नाला मग आडोसा उरत नाही. मी त्याला हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. म्हटलं, आधी मी येऊन बघतो. त्याचं ते काम पहाटे चार वाजता सुरू होतं. “माउली, तुमी याल?” त्यानं दोनदा विचारलं. मी येतो म्हणालो आहे, येत्या शुक्रवारी.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते जरा वेळ बागेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “या बघून. काहीही ठरलं तरी मला येऊन सांगा.”